मागच्या खोलीतला उंट

१

नोटीस मावशीने माझ्या हातात दिली ती लाइटचं बिल द्यावं तशी. मला तेच जास्त लागलं.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्याने वाच. मला एकदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकू दे."

मी वाचली. वकिली इंग्रजी, एकेक वाक्य मालगाडीएवढं. मतलब इतकाच, की मावशीच्या क्लासमधल्या बोर्डांवरची चित्रं एका मोठ्या कंपनीच्या व्हिडिओंमधून चोरलेली आहेत. बोर्ड उतरवा, क्लास बंद करा, लेखी माफी मागा. नाहीतर कोर्ट.

चोरलेली म्हणे. माझ्या मावशीने.

मावशी इंग्रजी शिकवते. सगळं इंग्रजी नाही, फक्त गोंधळात टाकणाऱ्या शब्दांच्या जोड्या. डिझर्ट म्हणजे जेवणानंतरचं गोड आणि डेझर्ट म्हणजे वाळवंट. लूज म्हणजे सैल, लूझ म्हणजे हरवणं. बॉरो म्हणजे उसनं घेणं, लेंड म्हणजे उसनं देणं. चांगले शिकलेले लोक इथे घसरतात आणि मुलाखतीत पत्ता कट होतो. असे सगळे मावशीकडे येतात.

तिची पद्धत मात्र जगावेगळी. जोडीतले दोन शब्द ती कधीच एका वेळी शिकवत नाही. खोल्यासुद्धा वेगळ्या. पुढच्या खोलीत फक्त पहिला शब्द. प्रत्येक शब्दाचा एक बोर्ड, त्यावर चित्र. तो शब्द हाडात मुरला की मगच मागच्या खोलीत प्रवेश, तिथे दुसरा शब्द. दोघांना शेजारी बसवलं की जन्मभर गोंधळ, असं तिचं म्हणणं. पुढच्या खोलीत मागच्या खोलीबद्दल बोलायचंसुद्धा नाही. फोटो तर नाहीच नाही.

आणि त्यामुळेच आम्ही अडकलो होतो. आयुष्यभराचं काम, पण पुरावा काय? जुने विद्यार्थी बोलले तर कंपनी म्हणणार, ही तुमचीच माणसं. बोर्डांवरचा रंग दर बॅचला नवा लागतो, म्हणजे बोर्ड कालचेच वाटणार. बोर्ड उतरले की क्लास संपला. क्लास संपला की मावशीत काय उरतं, याचा विचारही मला करायचा नव्हता.

"कुणीतरी घरातलंच आहे," मी म्हणालो.

"हो."

"मी शोधतो. आणि शोधला ना, मावशी, मग मी त्याला सोडणार नाही."

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे रे.

ती म्हणाली, "आधी शोध."

२

पहिलं काम म्हणजे कंपनीचे व्हिडिओ बघणं. मावशीने ते बघितलेच नव्हते. तिच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि स्क्रीनकडे बघायला अजून बंदी होती. मी मोबाइल घेऊन तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसलो आणि क्रिकेटची कॉमेंटरी करावी तसं सांगत गेलो.

"दोन्ही शब्द शेजारी शेजारी दाखवलेत."

"गाढव आहेत. पुढे?"

"डिझर्ट. काचेच्या वाटीत आइस्क्रीम, वर चेरी, बाजूला चमचा."

"माझीच वाटी. पुढे?"

"डेझर्ट. वाळू, सूर्य, उंट. उंट वाळूत बसलाय, पोटापर्यंत. पाय दिसत नाहीत."

मावशी खुर्चीची पाठ सोडून सरळ बसली.

"परत सांग."

"उंटाला पाय नाहीत."

"शेपूट?"

"शेपूट आहे."

"लूझचं चित्र सांग. माणूस खिशात हात घालून उभा आहे ना?"

"हो. नुसता रडका चेहरा करून उभा आहे."

"खिशाला भोक?"

मी व्हिडिओ थांबवून बघितला. "नाही."

"आणि लेंड?"

"दोन माणसं. एकाने हात पुढे केलाय. शेकहँड करतायत बहुतेक."

"शेकहँड," मावशी म्हणाली आणि हसली. नोटीस आल्यापासून पहिल्यांदा. "अरे, त्या हातात छत्री आहे. शेजाऱ्याला देतोय तो. छत्री मी पुसली होती."

मग तिने मला ते सांगितलं, जे मागच्या खोलीत बसलेल्यांनाच माहीत असतं. पुढच्या खोलीतली चित्रं शेवटपर्यंत तशीच राहतात. मागच्या खोलीत मात्र ती रोज ओल्या फडक्याने चित्राचा एकेक तुकडा पुसते. आज पाय, उद्या शेपूट, परवा सूर्य, आणि दर बॅचला क्रम वेगळा. मुलांनी गेलेला तुकडा डोक्यात भरायचा. शेवटी बोर्डावर फक्त शब्द उरतो आणि उंट पोरांच्या डोक्यात चालायला लागतो. बॅच संपली की पेंटरकाका सगळं पुन्हा रंगवतात.

"पाय नाहीत पण शेपूट आहे," मावशी म्हणाली, "असा उंट एकदाच होता. पाय पुसले आणि मी ऑपरेशनला गेले. परत आल्यावर आल्या आल्या शेपूट पुसली."

मी मोबाइल जमिनीवर पालथा ठेवला.

"म्हणजे मी दवाखान्यात पडले होते," ती म्हणाली, "आणि कुणीतरी माझ्या कुलूपबंद खोलीत उभं होतं."

३

मावशी दवाखान्यात असताना क्लासला सुट्टी होती. मागच्या खोलीची चावी दादाकडे होती. दादा म्हणजे मावशीचा मुलगा, माझा मावसभाऊ. त्याचं नाव आलं आणि मावशीने विषय बदलला. चहा टाकू का, वगैरे. त्यावरून मला कळलं की तिच्या पोटात काय चाललंय.

म्हणून मी सुरुवात दुसरीकडून केली. पेंटरकाकांकडून.

काका दुकानांच्या पाट्या रंगवतात. मी गेलो तेव्हा शिडीवर बसून एका सलूनच्या पाटीवर मिशा काढत होते.

"या भाचेबुवा. मला पकडायला आलात?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या तोंडावर लिहिलंय, आणि अक्षर घाणेरडं आहे." ब्रश पाण्यात बुचकळत ते खाली उतरले. "बघू तो व्हिडिओ."

मी दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन उंट बघितला आणि त्यांचा चेहराच पडला. खरंच सांगतो, त्यांना चोरीचं इतकं वाटलं नाही जितकं उंटाचं.

"हा काय प्रकार आहे? माझ्या उंटाचे गुडघे बघितलेत तुम्ही कधी? लोक थांबून बघतील असे गुडघे आहेत. मी चोरली असती ना चित्रं, तर आधी गुडघे विकले असते."

"पण तुम्हाला त्या खोलीत जाता येतं."

"येतं की. मी जातो तेव्हा बोर्ड एक तर कोरे असतात, नाहीतर मी भरलेले. अर्धवट पुसलेले मी आजवर बघितले नाहीत. बघवलेही नसते." त्यांनी मोबाइल परत दिला. "ज्याने हे दिलं ना, त्याला पाय होते हेच माहीत नाही. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं नाही, पण डोक्यात बसलं.

तिथून हॉटेलात गेलो. त्या बॅचमधली एक मुलगी तिथे रिसेप्शनवर काम करते. मावशीच्या क्लासमध्ये मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवावा लागतो. हिला एकटीला सूट होती, कारण हॉटेलातून कधीही बोलावणं यायचं. म्हणजे मागच्या खोलीत कॅमेरा असलेलं एकच माणूस. मला वाटलं, हीच.

"माझ्यावर संशय आहे?" ती काउंटरमागून शांतपणे म्हणाली. "थांबा हं." आणि एका पाहुण्याला रूमची चावी देऊन, गोड हसून, परत माझ्याकडे वळली तेव्हा हसू गायब. "बाईंमुळे माझी ही नोकरी टिकली. एका पाहुण्याला मी बॉरोच्या जागी लेंड म्हटलं होतं. मी त्याच्याकडे चार्जर मागत होते, त्याला वाटलं मी देतेय. सगळे हसले. बाईंकडे आल्यावर परत कोणी हसलं नाही."

"उंट आठवतो?"

"डोळे मिटून सांगते. लांब पाय, गुडघे सुजल्यासारखे, मागे शेपूट, उजवीकडे सूर्य. पहिल्या दिवशी पूर्ण होता. मला फोटो काढायचा असता तर त्याच दिवशी काढला असता ना? अर्धा पुसल्यावर कशाला काढू? सेलमधला आहे का तो?"

बरोबर होतं तिचं. मागच्या खोलीत पहिल्या दिवसापासून बसलेला कोणीही बिनपायाचा उंट विकणार नाही.

म्हणजे चोर असा, ज्याने ती खोली एकदाच बघितली. अर्धवट पुसलेली. आणि जे बघितलं तेच पूर्ण चित्र आहे असं त्याला वाटलं.

घरातले, पण त्या खोलीत कधी न बसलेले, असे दोघंच होते.

४

पहिली ताई. पुढच्या खोलीची टीचर. वर्षानुवर्षं मावशीचा उजवा हात. पहिला शब्द ती शिकवते आणि मुलं मागच्या दारापाशी नेऊन सोडते. स्वतः उंबरा ओलांडत नाही. मावशीचा नियमच तसा. पहिला शब्द शिकवणाऱ्याला दुसऱ्याचं चित्रही माहीत नको, बोलण्यात त्याचा वास येतो आणि मुलं घसरतात.

मी गेलो तेव्हा ताई डस्टर झटकत होती.

"कसल्या कसल्या लोकांचं भलं केलं बाईंनी," ती म्हणाली. "आणि त्यातलंच कोणीतरी असं करतं. माझ्या हातात सापडू दे, मी तर झिंज्याच उपटीन."

"तुला काय वाटतं, कोण असेल?"

"मी कशी सांगू? मी ती खोली कधी बघितलीच नाही रे. दारापर्यंत माझी हद्द." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "चावी कोणाकडे होती ते बघ. मी काही बोलत नाही. आईमुलात मी कशाला पडू?"

दुसरा दादा.

दादाला क्लास आवडत नाही. आईने हे सगळं बंद करून आपल्याकडे राहायला यावं, असं तो मला समजायला लागल्यापासून म्हणतोय. त्याच्या ऑफिसात गेलो तर तो मला बघून खुर्चीत मागे रेलला.

"या डिटेक्टिव्ह. बसा. काय घेणार, चहा की जबाब?"

"मागच्या खोलीची चावी त्या वेळी कोणाकडे होती?"

"माझ्याकडे. खिशात. पूर्ण वेळ."

"कुणालाच दिली नाहीस?"

"नाही म्हटलं ना." जरा जास्तच लवकर म्हणाला.

"आणि त्या कंपनीच्या ऑफिसात तू गेला होतास. तिथल्या गेटवरच्या वहीत तुझी सही कोणी केली, मी?"

हे मी अंदाजे फेकलं होतं. तिथे वही आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं. पण दादाचे कान लाल झाले.

"गेलो होतो," तो म्हणाला. "हात जोडायला गेलो होतो. म्हटलं, म्हातारी बाई आहे, केस करू नका, मी बोर्ड उतरवून घेतो. मला ती घरी हवी आहे, कोर्टात नकोय. झालं समाधान?"

"मग चोर तूच नाहीस कशावरून?"

तो उठला. मला वाटलं मारतो. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "जा. आईलाही असंच वाटतंय का, तेवढं मला सांगून जा."

मी मान खाली घालून बाहेर पडलो. त्याने ते उत्तर समजून घेतलं.

५

सापळा मीच लावला. मावशीने एकच गोष्ट ठरवली: कोणता बोर्ड.

कंपनीने अजून निम्मेच व्हिडिओ टाकले होते. बाकीचे यायचे होते. म्हणजे काही चित्रं अशी होती की त्यांच्यातलं काय पुसलं गेलं होतं हे मावशीला आणि त्या बॅचला माहीत आणि चोराने काय बघितलं हे चोराला माहीत. बाकी जगात कोणालाही नाही.

पेंटरकाकांनी मागची खोली नव्याने रंगवली. सगळं पूर्ण. उंटाच्या गुडघ्यांवर त्यांनी जीव ओतला. मग मावशीने निरोप पाठवला, की बोर्ड उतरवायचे ठरलंय, उतरवण्याआधी सगळ्यांनी एकदा बघून जा. ताईलासुद्धा. पहिल्यांदाच.

दुपारचं लख्ख ऊन खिडकीतून थेट बोर्डांवर पडलं होतं. दादा दारात हाताची घडी घालून उभा. रिसेप्शनवाली युनिफॉर्ममध्येच आली होती. मावशी खुर्चीत, काका कोपऱ्यात स्टुलावर. ताई डोळ्यांना पदर लावून आत आली.

मी फक्त दोघांकडे बघत होतो.

उंटापाशी कोणीच काही बोललं नाही. दादाने बघितलं आणि पुढे गेला. ताईने बघितलं आणि तिचा पदर जरा खाली आला. पण तो उंट व्हिडिओत येऊन गेला होता, त्यावरून काही म्हणता येत नव्हतं. छत्री. खिशाचं भोक. ताईची पावलं मंद व्हायला लागली.

मग रॉब आणि स्टीलच्या जोडीतला दुसरा शब्द. माणसाला रॉब करतात आणि वस्तू स्टील करतात, असा तो फरक. रॉबचा बोर्ड पुढच्या खोलीत आहे, खिसे उलटे झालेला माणूस. इथे स्टील. चित्रात एक टेबल, टेबलावर मनगटी घड्याळ, आणि बाजूने येऊन ते उचलणारा एक हात.

दादा त्याच्यासमोर उभा राहिला, जांभई दिली, पुढे गेला.

ताई थांबली.

तिने बोर्ड बघितला. मग जवळ गेली. चांभाराने बुटाची शिवण बघावी तशी ती त्या हाताची कड बघत होती. वर्षानुवर्षं चित्रावरून शिकवणारं माणूस. चित्रात काही वेगळं दिसलं की तोंडातून शब्द निघणारच.

"काका, हा हात नवीन काढलात का?"

काकांनी विडी कानावरून काढून परत कानावर ठेवली. "जुनाच आहे बाई. दर बॅचला मीच काढतो."

रिसेप्शनवालीने मान वळवून ताईकडे बघितलं.

"तू ही खोली आधी बघितली आहेस का गं?" मावशीने विचारलं. अगदी नेहमीच्या आवाजात. मुलांना विचारते तसं.

६

ताईने नाकारायचा प्रयत्न केला, पण दारातून दादा बोलला.

"मीच दिली होती चावी. खिडकी उघडी राहिलीय, बोर्ड खराब होतील म्हणाली. आई, मी सांगितलं नाही कारण... तू एकच गोष्ट सांभाळायला दिली होतीस आणि ती मला जमली नाही. म्हणून."

मावशीने त्याच्याकडे बघून मान हलवली. एवढंच. पण त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं, आणि तिच्याही.

ताई तोवर खुर्चीवर बसली होती. रडणं थांबलं होतं. चेहरा कोरडा ठणठणीत.

"हो, मी," ती म्हणाली. "काय चुकलं माझं? बाई, तुम्ही मला इतकी वर्षं अर्धाच शब्द दिलात."

"तुला नियम माहीत होता."

"नियम. माझ्या खोलीत कोणाचा गोंधळ होतच नव्हता बाई. एकच शब्द असला की गोंधळ कसला? गोंधळ तुमच्या खोलीत सुरू व्हायचा आणि तुमच्याच खोलीत सुटायचा. मुलं इथून बाहेर यायची ती तुमच्या पाया पडत. माझ्यासमोरून जायची. मला म्हणायची, थँक्यू ताई, पंखा बंद करू का?" ती हसली. "दर वर्षी म्हणायचात, पुढच्या वर्षी तुला आत घेते. मी वाट बघितली. मग मी स्वतःच आत आले. त्या लोकांना सांगितलं, चित्रं माझी आहेत. ते मला व्हिडिओत समोर उभं करणार होते. दोन्ही शब्द माझे. तुमच्याकडून मला तेवढंच वसूल करायचं होतं."

"आणि नोटीस?" मी विचारलं.

"त्यांनी विचारलं, अजून कोणी वापरतं का ही चित्रं? मी म्हटलं, हो. एक बाई."

"आणि नोटीस आल्यावर तिला आल्याचा चहा करून दिलास."

"तो तर मी रोजच करते."

मी मोबाइल काढला. पोस्ट मी आधीच टाइप करून ठेवली होती, फक्त नाव आणि फोटो टाकायचा बाकी होता. ताईचा चेहरा, आणि खाली सगळं. माझे हात शिवशिवत होते. तिचे नातेवाईक, तिचे शेजारी, तिच्या मुलीची शाळा, सगळ्यांपर्यंत पोचवणार होतो मी.

"ठेव तो," मावशी म्हणाली.

"मावशी, हिने तुला चोर केलं."

"पोस्ट लोक दोन दिवसांत विसरतात. ठेव."

७

मावशीने बोलावलेला कंपनीचा माणूस क्लासमध्ये आला तो सूट घालून. मुलांच्या बाकावर बसताना त्याचे गुडघे छातीला लागत होते.

"मॅडम, तुमच्याकडे कागदोपत्री काही आहे का?"

"नाही," मावशी म्हणाली. "तुमची पुढची चित्रं अजून लोकांनी बघितलेली नाहीत ना?"

"नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये आहेत."

"मग मला दाखवू नका. मी सांगते, त्यात काय नसेल."

तिने डोळे मिटले. "तुमच्या स्टीलमध्ये टेबलावर नुसतं घड्याळ असेल. उचलणारा हात नसेल. क्वाएटमध्ये पाळणा असेल, पण आत बाळ नसेल, म्हणजे तुमच्या चित्रात शांतता कशाची आहे तेच कळणार नाही. रिमाइंडमध्ये, म्हणजे आठवण करून देण्यात, बायको बोट दाखवत असेल, पण नवऱ्याच्या हातातली पिशवी नसेल."

तो लॅपटॉप उघडून एकेक बघत गेला. पाळण्यापाशी त्याने टायची गाठ सैल केली.

"आम्हाला वाटलं ही तुमच्या त्या टीचरची स्टाइल आहे," तो हळूच म्हणाला. "काहीतरी मोकळं सोडलेलं."

"मागे वळून बघा."

त्याच्या पाठीमागे बोर्ड होते. हात, बाळ, पिशवी. त्याने लॅपटॉप मिटला.

मग सगळं भराभर झालं. व्हिडिओ काढले. नोटीस मागे घेतली. माफीचं पत्र आलं. आणि ताईला त्यांनी दारही उघडलं नाही. त्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. महिनाभरात ताईने जिथे जिथे अर्ज केला तिथे तिथे जागा भरलेली होती. ते मी केलं नव्हतं. त्या सूटवाल्याने केलं. तरी मला झोप छान लागली.

आणि मग मावशीने ताईला निरोप पाठवला. कामावर ये.

मी भडकलो. दादा तर माझ्यापेक्षा जास्त. "आई, तू तिला माफ केलंस?"

"कोण म्हणालं?" मावशीने विचारलं.

ताई आली. जाणार कुठे? घरात कमावणारी तीच. सकाळी वेळेवर आली, मान खाली घालून. मावशीने तिला पुढच्या खोलीत नेलं, डस्टर हातात दिलं आणि म्हणाली, "नेहमीसारखंच."

मग रिसेप्शनवालीला बोलावलं. तिने हॉटेलात दुपारची पाळी मागून घेतली होती. सकाळ मोकळी. मावशीने सगळ्यांसमोर मागच्या खोलीची चावी तिच्या तळहातावर ठेवली.

"माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. मागची खोली उद्यापासून हिची. ताई, हिला पहिला शब्द तूच शिकवला होतास ना? आता बॅच हिच्याकडे सोपवत जा. दारापर्यंत."

ताईचा चेहरा मी बघितला. माझ्या त्या पोस्टने जे झालं नसतं ते त्या चेहऱ्यावर झालं होतं, आणि ते रोज होणार होतं.

परवा मी क्लासमध्ये गेलो होतो. पुढच्या खोलीची मुलं तयार झाली होती. ताई त्यांना रांगेने मागच्या दारापाशी घेऊन गेली. रिसेप्शनवाली दारात आली. तिला बिचारीला वाईट वाटतं, स्वभावच तसा आहे.

"ताई, आत या ना. बसा थोडा वेळ."

"नको गं," ताई म्हणाली. "मला तयारी करायची आहे."

कसली तयारी? पहिला शब्द तिला झोपेतही येतो.

दार लागलं. ताई तिथेच उभी राहिली, दाराकडे तोंड करून. खुर्चीत बसलेल्या मावशीने वर बघितलंही नाही. ती संत्रं सोलत होती.

"मावशी," मी हळू आवाजात म्हणालो, "हे जरा जास्तच होतंय का?"

तिने मला संत्र्याची फोड दिली. "तुला वाईट वाटतंय?"

मी ताईच्या पाठीकडे बघितलं. फोड तोंडात टाकली.

नाही वाटलं. खोटं कशाला बोलू.